पाणसळ

अक्कलकोट रोडला, सूतगिरणीच्या भिंतीलगत
दस्तगीरचं गॅरेज. पत्र्याखाली सकाळी दहालाच
तव्यावर उभं राहिल्यासारखं.
त्यानं सुमोच्या बंपरवर दोन्ही हात ठेवले,
अंगाचा सगळा भार दिला, सोडला.
गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली,
मग उगाच आणखी दोनदा.
"एकदा वर येऊन थांबायला पायजे, ताई.
ही तर सगळ्याला हो म्हणतीय."

चारही शॉकअप गेलेले.
एकाचं तेल नळीवरून ओघळून
धुळीत घट्ट झालेलं, शेंगाचटणीच्या रंगाचं.
सोडवून त्यानं माझ्या हातात दिला.
मी दाबला. बसला.
बसला तो बसलाच.

उजवीकडं कलते, मी सांगितलं, दोन बोटं.
आमच्या यादगिरीचं वजन एकशे बारा किलो,
पंधरा वर्षं त्या एकाच सीटवर.
गाणगापूर, तुळजापूर, पुन्हा गाणगापूर,
माणसं दर्शनाला उतरायची, हा तिथंच.
शिंप्यानं घ्यावं तसं गाडीनं त्याचं माप घेतलं.
दोन वर्षं झाली त्याला जाऊन,
माप तसंच आहे.
सीटच्या पाठीवर टॉवेल आहे, निळ्या काठाचा,
आमच्याच मागावरचा.
धुते. परत तिथंच घालते.

दस्तगीर गाडीखाली सरकला, नुसते पाय उरले.
इरेशनं बॅटरी धरली.
पाना पडल्याचा आवाज,
मग बराच वेळ काहीच नाही.
"वजनानं नाय ओ," खालून आला,
"तिसरा पाटा मोडलाय.
आजचा नाय. बघा की."

बाहेर काढल्यावर मी मोडावर बोट फिरवलं.
कडेला गंज, मध्यात गंज,
चकाकी कुठंच नाही.
म्हणजे वर्षानुवर्षं वरचे दोन आणि खालचे दोन
याच्या वाट्याचं ओझं वाहत होते.

आणि तो गतिरोधक दिसला की
गाडी जवळजवळ थांबवायचा,
तिरकी घ्यायचा, एकेक चाक उतरवायचा,
मागं कुणी बाळंतीण असल्यासारखं.
ट्रकवाले बोंबलायचे.
मी म्हणायचे, रेड्याएवढा देह
आणि जीव चिमणीचा!
तो हसायचा. पोचायचंय ना, एवढंच.

पाट्याला तेव्हा चार हजार लागले असते.
त्याच वर्षी माझ्या मागाला नवी मोटर बसली होती.
पैसे कुठून आणले, मी विचारलं नव्हतं.
सूत चढवायची घाई होती.

दुपारी म्हाळप्पाकडून पाटे आले,
घणानं ठोकून कमान दिलेले, त्यात एक नवा,
काळाभोर, पोरासारखा ताठ.
शॉकअप चढले. रबर, वायसर, नट.
दस्तगीरनं जीभ दातात धरून शेवटचा आवळला
आणि गवंड्याची नळी मागवली.
पाचव्या दिवशी येणारं पाणी तिच्यात भरलं,
एक टोक या चाकावर, एक त्या चाकावर,
खडूच्या दोन खुणा.
इरेश म्हणाला, उजवी अर्धं बोट वर आहे.

"असू दे. रिकाम्या गाडीचं माप काय घेतो?
ताई, बसा."

मी बसले. एक्कावन्न किलो.
टॉवेलला पाठ लागली.
नळीतलं पाणी हललं, हेलकावलं,
कुठं थांबावं ते ठरवत राहिलं.
कुणी काही बोललं नाही.
"आता बरोबर," दस्तगीर म्हणाला,
आणि इरेशनं नळी बादलीत रिती केली,
थेंब न सांडता.

परत येताना गाडी रस्त्यावर अशी बसली होती
की खड्डे कुठले ते ओळखू येईनात.
खट नाही, कुई नाही.
अशोक चौकाच्या अलीकडं गतिरोधक आला.
आता थांबायची गरज नव्हती.
मी गाडी जवळजवळ थांबवली,
तिरकी घेतली,
एक चाक उतरवलं, मग दुसरं.

मागं ट्रक बोंबलत होता.